चौकटीबाहेरचे साचे

मार्च १९२५ मधील एक छायाचित्र आमच्यासमोर आहे. स्थळ लंडन शहरातील मॅरिलबोन रस्ता. छप्पर कोसळलेले, भिंती काळ्या पडलेल्या, खाली जळक्या लाकडांचा ढीग. आणि त्या ढिगात माणसांसारखी दिसणारी मोडकी शरीरे. पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होते. मग ध्यानात येते की, ही माणसे नव्हेत, मेणाचे पुतळे आहेत. जीव भांड्यात पडतो, आणि लगेच दुसरी हळहळ सुरू होते: अरेरे, एवढ्या पिढ्यांचा संग्रह एका रात्रीत वितळून गेला!

ह्या दुसऱ्या हळहळीविषयी आम्हाला थोडे बोलावयाचे आहे. ती पुष्कळ अंशी चुकीच्या ठिकाणी खर्च होते, असे आमचे मत आहे.

हे प्रदर्शनगृह मादाम तुसाँ हिच्या नावाचे. १७६१ साली स्ट्रासबुर्ग येथे जन्मलेली ही मारी मेणकाम शिकली ती कुर्तियुस नावाच्या वैद्याकडे. पॅरिसमध्ये त्याचे पुतळ्यांचे प्रदर्शन होते. १२ जुलै १७८९ रोजी, म्हणजे बास्तीय पडण्याच्या दोनच दिवस आधी, लोकांच्या जमावाने ह्याच प्रदर्शनातून नेकेर आणि ऑर्लेआंचा ड्यूक ह्यांची मेणाची मस्तके उचलून नेली व त्यांची मिरवणूक काढली. वर्तमानपत्रात चित्रे छापून येण्याचा तो काळ नव्हे. सामान्य माणसाला मोठ्या माणसाचा चेहरा दिसावयाचा तो मेणातच. पुढे गिलोटिनखाली पडलेल्या शिरांचे ठसे आपल्याला घ्यावे लागले, असे मारीने १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. तिचा प्रत्येक शब्द इतिहासकार खरा धरीत नाहीत. पण ती त्या वादळातून गेली, ह्यात शंका नाही.

१७९४ मध्ये कुर्तियुस वारला आणि संग्रह तिच्याकडे आला. १८०२ मध्ये ती इंग्लंडात गेली. तेहतीस वर्षे गावोगाव पुतळे हिंडविल्यावर १८३५ साली तिने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर बस्तान बसविले. १८५० मध्ये ती निवर्तली. १८८४ मध्ये तिच्या नातवाने संग्रह मॅरिलबोन रस्त्यावरील नव्या इमारतीत नेला. १८ मार्च १९२५ च्या रात्री आग लागली ती ह्याच इमारतीला.

आता मेणाचा पुतळा होतो कसा ते पाहा. प्रथम शाडूसारख्या मातीत चेहरा घडवितात. त्यावर प्लास्टरचा साचा घेतात. साच्यात पातळ केलेले मेण ओततात. ते निवल्यावर काचेचे डोळे बसवितात आणि केस एकेक करून रोवतात. आपल्याकडे गणपती करणाऱ्या कारखान्यांत गेलेल्यांना साच्याचे महत्त्व सांगावयास नको. मूर्ती विकली जाते, विसर्जन पावते. साचा घरी राहतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसलाच वितळते. चहाच्या आधणालासुद्धा त्याहून अधिक आंच लागते. असल्या पदार्थात कोरलेली कीर्ती आगीपुढे किती टिकणार? म्हणून ह्या धंद्याचे खरे धन पुतळ्यांत नसते, साच्यांत असते.

आणि १९२५ च्या आगीतून हे साचे वाचले होते! छायाचित्रात ते कोठेच दिसत नाहीत, कारण छायाचित्रकाराने यंत्र रोखले ते ढिगाऱ्याकडे. जे बचावले त्याचे चित्र कोण घेणार? ह्या साच्यांतून पुतळे पुन्हा ओतले गेले आणि १९२८ मध्ये प्रदर्शन पुन्हा उघडले. ज्यांच्यासाठी आपण हळहळलो ते परत आले.

परत न आलेले निराळेच होते. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईच्या रात्री जेनाप गावाजवळ प्रशियन सैन्याने नेपोलियनची प्रवासी गाडी पकडली. पुढे लंडनच्या लोकांनी ती पाहण्यास गर्दी केली, आणि १८४२ मध्ये ती तुसाँच्या संग्रहात आली. ज्या गाडीत नेपोलियन खरोखर बसला होता ती ही गाडी १९२५ च्या आगीत नष्ट झाली. तिचा साचा नव्हता. वॉटर्लूहून निघालेली गाडी दुसऱ्यांदा ओतता येत नाही. परंतु ढिगाऱ्यातील राखेला चेहरा नसतो. छायाचित्रात ती आपल्या डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत भरतात ते मेणाचे हातपाय.

पुढे सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँब ह्या वास्तूवर पडला. आगीनंतर बांधलेले चित्रपटगृह उद्ध्वस्त झाले, आणि ३५२ मस्तकांचे साचे चक्काचूर झाले. १९२५ मध्ये पुतळे गेले आणि साचे राहिले. ह्या खेपेला साच्यांवरच घाला आला. आमच्या मते खरी हानी ही. चित्रपटगृहाच्या जागी १९५८ मध्ये तारांगण उभे राहिले. इमारत भरून निघते. साचा भरून निघत नाही. पण प्लास्टरच्या ठिकऱ्यांकडे पाहून काळजात चर्र होत नाही, म्हणून ती हानी आकड्यापुरती उरली.

ह्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे? छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण ते विचारल्यापुरतेच बोलते. जळालेले ते दाखविते. परंतु त्यातले काय पुन्हा करता येईल आणि काय कायमचे गेले, हे ते सांगत नाही. तेवढ्यासाठी चौकटीच्या बाहेर जावे लागते, कारखान्याची रीत जाणावी लागते, वस्तूंची जंत्री चाळावी लागते.

आणखी एक गोष्ट. आम्हा सर्वांनाच पुतळ्यांची आवड फार. पुतळा उभा राहतो, त्याला हार पडतात, त्याचे चित्र निघते. ज्या कागदांवरून, ज्या खऱ्या वस्तूंवरून त्या माणसाचे रूप आपल्याला कळले, ती मात्र कोठेतरी ओलीत, वाळवीच्या तोंडी पडलेली असतात. तीही जातात, पण आवाज न करता जातात, आणि त्यांचे छायाचित्र कोणी घेत नाही. घरी परतल्यावर आपल्या माळ्यावरचे एखादे जुने दप्तर श्रोत्यांनी सोडून पाहिले, तर हे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.