मोतीबाग आणि आपली शकुंतला

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया, असे समजून आपण स्त्रिया त्या विषयाकडे पाठ फिरवितो. परंतु वऱ्हाडच्या गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास कापसाच्या बोंडात आहे, आणि ते बोंड वेचणारे हात बहुतेक बायकांचेच होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली मुंबईची आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ व अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ पडला. तीच आपली शकुंतला. ती भातकुलीतून जात नसे. पण शेजारच्या दर्यापूर-अंजनगावचा कापूस तिनेच नेला. मूर्तिजापूरला मोठ्या मार्गाचे रूळ अधिक रुंद, म्हणून तेथे गाठी उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवाव्या लागत. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. पुढेही तिकिटे देणे, डबे जोडणे, सिग्नल देणे ही कामे मोजकी माणसे हातानेच करीत. आता ती गाडी धावत नाही.

अशाच अडीच फुटी गाड्यांची दुरुस्ती नागपूरच्या मोतीबागेत होत असे. तेथेच २००२ साली रेल्वेने संग्रहालय उघडले. जुनी इंजिने, डबे, कंदील पाहून मुले हरखून जातात. जेथे गाड्या दुरुस्त झाल्या तेथेच त्या जपल्या, हे मला फार योग्य वाटते.

मात्र इंजिन जपले म्हणजे सारा इतिहास जपला असे नव्हे. ओटी बांधून वेचणीला जाणाऱ्या बाईची मजुरी काय होती? तान्हे मूल धुऱ्यावर कोण सांभाळी? जिनात सरकी निराळी होताना धुळीने जीव किती कोंडे? शकुंतलेतून माहेरी जाताना शिदोरीत काय असे? हे लोखंड सांगणार नाही. ते आपल्या घरातील आजीच सांगेल, आणि आजी काही संग्रहालयात ठेवता येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, मंडळाने एक जाड वही घालावी. प्रत्येक सभासद भगिनीने घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारून निदान एक पान भरावे. त्याला खर्च येत नाही. उशीर मात्र परवडणार नाही.