टीकॅस, नियंत्रक आणि डोळे: यूबरलिंगेनची शेवटची पन्नास सेकंदे

१ जुलै २००२. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. दक्षिण जर्मनीतील यूबरलिंगेन गावावर, सुमारे ११ हजार मीटर उंचीवरून, दोन विमाने एकमेकांचा मार्ग छेदणार होती. एक मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले तुपोलेव-१५४, दुसरे बेर्गामोहून ब्रसेल्सला जाणारे मालवाहू बोइंग ७५७.

दोन्हींत टीकॅस होते. ही यंत्रणा समोरच्या विमानाचे अंतर आणि उंची सतत तपासते. टक्कर जवळ आली की दोन्ही यंत्रे आपसात संपर्क साधून एका वैमानिकाला वर, दुसऱ्याला खाली जाण्यास सांगतात. अर्थात दोघांनीही ऐकले, तरच.

झ्युरिकच्या कक्षात त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य दूरध्वनी दुरुस्तीसाठी बंद. धोका त्याला उशिरा दिसला. त्याने तुपोलेवला खाली येण्यास सांगितले; सात सेकंदांनी त्याच विमानातील टीकॅस म्हणाले, वर जा. सहवैमानिकाने हे बोलूनही दाखवले, तरी विमान उतरतच राहिले. हा निव्वळ हट्ट नव्हता: त्यांच्या कंपनीच्या पुस्तिकेत नियंत्रकाची आज्ञा प्रमुख आणि टीकॅस पूरक मानले होते.

मग नियंत्रकाने दुसरे विमान उजवीकडे असल्याचे कळवले. ते डावीकडे होते. अंधारात डोळे चुकीच्या बाजूला शोधत राहिले. बोइंग मात्र टीकॅस ऐकून खालीच येत होते. ७१ जण मृत्युमुखी पडले; त्यांत बहुतेक शाळकरी मुले.

जपानमध्ये ३१ जानेवारी २००१ रोजी हेच घडता घडता राहिले होते. शिकाऊ नियंत्रकाने विमानांचे क्रमांक चुकवले, एका वैमानिकाने टीकॅसऐवजी त्याचे ऐकले आणि दोन्ही विमाने खाली झेपावली. दिवस होता, वैमानिकांना एकमेकांची विमाने दिसली आणि अखेरच्या क्षणी ६७७ जीव वाचले. शंभर जण जखमी झाले.

तेव्हा डोळे कामी आले. पण भर दिवसा, केवळ ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वावर उडणारी दोन विमाने १९५६ साली ग्रँड कॅन्यनवर धडकली होती. १२८ जण दगावले. टीकॅसची गरज अशाच अपघातांतून पुढे आली.

जपानच्या चौकशीचा अंतिम अहवाल १२ जुलै २००२ रोजी प्रसिद्ध झाला. यूबरलिंगेनला तेव्हा अकरा दिवस झाले होते. नियंत्रक उलट सांगत असला तरी टीकॅसचेच ऐकावे, हे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट होण्यास नोव्हेंबर २००३ उजाडला.