जुन्या खिडकीची डागडुजी : एक्स डिस्प्ले सर्व्हरच्या साफसफाईचा इतिहास

ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटूची २५.१० ही आवृत्ती आली आणि तिच्यातून एक्स सर्व्हरवर चालणारे ग्नोमचे सत्र वगळण्यात आले. वृत्तपत्रांनी दखल घ्यावी अशी ही घटना नव्हे. परंतु भारतातील विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या संगणकांवर आलेख उमटवणारी, दूरच्या महासंगणकावरील आज्ञावलीची खिडकी आपल्या टेबलावर उघडून देणारी यंत्रणा अनेक वर्षे हीच होती. खोडदजवळच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचा विदा ज्या 'एप्स' प्रणालीतून तपासला जात आला, तिची चित्रेही एक्सच्याच खिडकीत उमटतात. तेव्हा या यंत्रणेची संहिता कशी साचली आणि ती स्वच्छ करताना काय काय घडले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा समजून घेण्यासारखे आहे.

कथेचा आरंभ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होतो. १९८३ साली तेथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक विद्यार्थ्यांना एकसारखे वापरता यावेत, हा त्याचा हेतू होता. १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'डब्ल्यू' नावाची खिडकी-प्रणाली घेऊन तिच्यात मूलभूत बदल केले आणि वर्णमालेतील पुढचे अक्षर म्हणून नव्या प्रणालीला 'एक्स' हे नाव दिले. जिम गेटिस हे त्यांचे प्रमुख सहकारी. पुढच्या तीन वर्षांत प्रणालीच्या आवृत्त्या झपाट्याने बदलल्या आणि सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हा आकडा अकरावरून हललेला नाही.

आकडा न हलण्यामागे एक वचन आहे. डिस्प्ले सर्व्हर म्हणजे पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा असलेला कार्यक्रम. इतर कार्यक्रम त्याच्याकडे विनंत्या पाठवतात : खिडकी उघड, येथे रेषा काढ, येथे अक्षरे लिही. या विनंत्यांची भाषा, म्हणजेच प्रोटोकॉल, १९८७ साली निश्चित झाली. त्या भाषेत बोलणारा कोणताही कार्यक्रम पुढेही चालत राहील, हे ते वचन. प्रोटोकॉलात नव्या शाखा जोडता येतात, परंतु मुळातले काही काढता येत नाही. आज आपण ज्याला 'जुनी संहिता' म्हणतो, तिचा मोठा भाग हे वचन पाळण्यासाठीच उभा आहे.

त्या वचनावर काळाचे थर चढत गेले. सी भाषेचे अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ साली झाले. एक्स अकरा त्याच्या आधीचे असल्याने फलनांच्या घोषणा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी कराव्या लागत. प्रत्येक कंपनीच्या युनिक्ससाठी वेगळ्या अटी, वेगळे फाटे. १९९२ पासून 'एक्सफ्री८६' या प्रकल्पाने एक्सला सामान्य पीसीवर आणले. तेव्हा ग्राफिक्स कार्ड हाताळण्यासाठी कार्यप्रणालीकडून पुरेशी मदत मिळत नसे. त्यामुळे सर्व्हर स्वतःच पीसीआय मार्गिका धुंडाळी, स्वतःच आपले विभाग स्मृतीत भरून घेई, इतकेच काय, कार्डावरील बायोस चालवण्यासाठी त्याच्या पोटात एक्स८६ प्रक्रियकाची नक्कल करणारा कार्यक्रमही होता. खिडक्या दाखवणारी ही प्रणाली हळूहळू अर्धी कार्यप्रणाली होऊन बसली.

२००४ साली परवान्याच्या अटींवरून एक्सफ्री८६ मध्ये फूट पडली आणि एक्स.ऑर्ग फाउंडेशनच्या छत्राखाली काम नव्याने सुरू झाले. डिसेंबर २००५ मध्ये एकाच वेळी दोन आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या : एक जुन्या अखंड रचनेची, दुसरी स्वतंत्र विभागांत वाटलेली. दोन्हींची मूळ संहिता एकच होती, फरक केवळ बांधणीचा होता. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. बांधणी बदलताना वर्तन बदलायचे नाही आणि वर्तन बदलताना बांधणीला हात लावायचा नाही, हे रिफॅक्टरिंगचे मूळ तत्त्व त्यात दिसते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते परके वाटू नये : निर्देशक-चौकट बदलली तरी मोजता येणारी राशी तीच राहिली पाहिजे. पुढे पीसीआयचा शोध स्वतंत्र ग्रंथालयाकडे गेला, पडद्याची विभेदनक्षमता ठरवण्याचे काम लिनक्सच्या गाभ्याकडे गेले आणि सर्व्हरचा भार उतरू लागला.

आता या साफसफाईचा भारतीय लिपींशी असलेला संबंध पाहू. मूळ एक्समध्ये अक्षरे काढण्याचे काम सर्व्हरचे होते. कार्यक्रमाने संकेतांकांची माळ पाठवायची आणि सर्व्हरने प्रत्येक संकेतांकासाठी आपल्याजवळच्या फाँटमधील एकेक ठिपक्यांचे चित्र ओळीने मांडायचे. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीला पुरत नाही. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी. 'क्ष' आणि 'र्क' यांची रूपे घटकाक्षरांच्या बेरजेतून मिळत नाहीत. त्यासाठी अक्षरांची फेरमांडणी करणारे स्वतंत्र यंत्र लागते आणि १९८७ च्या प्रोटोकॉलात त्याला जागा नव्हती.

मार्ग निघाला तो सर्व्हरच्या बाहेर. २००० च्या सुमारास कीथ पॅकर्ड यांनी 'रेंडर' ही प्रोटोकॉलची शाखा आणि 'एक्सएफटी' हे ग्रंथालय तयार केले. अक्षरांची चित्रे कार्यक्रमानेच तयार करायची आणि सर्व्हरने ती केवळ पडद्यावर उमटवायची, अशी नवी वाटणी झाली. अक्षरजुळणीची जबाबदारी 'पँगो' आणि पुढे 'हार्फबझ' यांनी घेतली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले 'लोहित' फाँट याच मार्गाने पडद्यावर येतात. लिनक्सवर आपण मराठी वाचतो, ती मूळ एक्सच्या फाँट-यंत्रणेला वळसा घालून.

वळसा घातला, तरी जुनी फाँट-यंत्रणा गेली नाही. वचनामुळे ती तशीच राहिली. जानेवारी २०१४ मध्ये तिच्यातील एक दोष उघड झाला. बीडीएफ प्रकारची फाँट-फाइल वाचताना अक्षराचे नाव शंभर बाइटांच्या जागेत साठवले जाई, परंतु नाव किती लांब आहे हे कोणी तपासत नव्हते. लांब नाव दिले की ते ठरलेल्या जागेच्या बाहेर, शेजारच्या स्मृतीवर लिहिले जाई. ही ओळ १९९१ साली आली होती आणि बावीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली होती. तो काळ असा, की बहुतेक यंत्रांवर एक्स सर्व्हर रूट अधिकाराने चाले. त्यामुळे साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळण्याची शक्यता होती. दोष सापडला तो 'सीपीपीचेक' या स्वयंचलित तपासनिसाच्या एका इशाऱ्यामुळे. दुरुस्ती एवढीच, की वाचनाच्या आज्ञेत ९९ अक्षरांची मर्यादा घातली गेली.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या संहितेला आपली लिपी कधी धडपणे लिहिता आली नाही, तीच संहिता आपल्या यंत्रांवर सर्वाधिकाराने वावरत होती. वापरात नसलेली संहिता निरुपद्रवी असते, हा समज येथे खोटा ठरतो. रोज वापरली जाणारी ओळ चुकली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार करतो. न वापरलेल्या ओळीची तक्रार कोण करणार?

दुसरा प्रकार गुणाकाराचा. सुरक्षा-संशोधक इल्या व्हान स्प्रुंडेल यांनी २०१३ आणि २०१४ मध्ये एक्सच्या ग्रंथालयांतील आणि सर्व्हरमधील अनेक दोष दाखवून दिले. त्यांतील काही थेट १९८७ च्या पहिल्या प्रकाशनापासूनचे होते. स्वरूप साधारण असे : कार्यक्रम सांगतो, 'मी इतके घटक पाठवत आहे', आणि सर्व्हर त्या संख्येला प्रत्येक घटकाच्या आकाराने गुणून लागणारी जागा काढतो. समजा, संख्या १,०७,३७,४१,८२५ आहे आणि प्रत्येक घटक चार बाइटांचा. खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३०० होतो. परंतु ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. वरचा अंक गळून पडतो आणि उत्तर उरते चार. सर्व्हर चार बाइटांची जागा राखतो आणि तिच्यात अब्जावधी बाइट ओतायला निघतो. १९८७ साली ज्यांच्या यंत्रात काही मेगाबाइट स्मृती होती, त्यांना एवढी मोठी संख्या कोणी पाठवील असे वाटले नसावे. ती संहिता परस्परांवर विश्वास असलेल्या प्रयोगशाळेत लिहिली गेली आणि पुढे अनोळखी लोकांच्या जगात चालवली गेली. गुणाकार मावतो की नाही हे आधी पाहणारी स्मृती-मागणीची नवी फलने नंतर सर्व्हरभर योजण्यात आली. हे काम कंटाळवाणे होते, आणि तितकेच आवश्यक.

साफसफाई स्वतःही निर्धोक नसते. मार्च २०१२ मध्ये सर्व्हरच्या संपूर्ण संहितेची मांडणी एका लिपीबद्ध आज्ञावलीने एकसारखी करण्यात आली. वाचणे सुकर झाले, परंतु अशा सरसकट बदलानंतर एखादी ओळ मुळात कोणी व का लिहिली हे शोधताना आधी तो बदल ओलांडावा लागतो. इतिहास पुसला जात नाही, पण एका पडद्यामागे जातो. शिवाय सर्व्हरच्या अंतर्गत रचनेवर बाहेरची चालके, म्हणजे ड्रायव्हर, अवलंबून असतात आणि त्यांतील काहींची संहिता बंदिस्त असते. आतल्या एका रचनेतील क्षेत्राची जागा बदलली, तरी बाहेरचे चालक कोसळू शकते.

२०२४-२५ मध्ये हा ताण उघडपणे समोर आला. मुख्य शाखेत साफसफाईचे शेकडो बदल आले. त्यांतील काहींमुळे चालू गोष्टी बिघडल्या, काही मागे घेण्यात आले, वाद वाढला आणि जून २०२५ मध्ये 'एक्सलिब्र' नावाची वेगळी शाखा निघाली. एका बाजूचे म्हणणे असे, की संहिता समजण्याजोगी केल्याशिवाय नवा माणूस तिच्याकडे येणारच नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की वापरकर्त्याला लाभ न देणारा प्रत्येक बदल केवळ जोखीम वाढवतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्यांतून निवड करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग म्हणजे चाचण्या. ज्या भागाला चाचणी आहे तेथे धीटपणे बदल करता येतो. जेथे चाचणी नाही तेथे बदलाआधी ती लिहावी लागते.

तिसरा मार्गही आहे आणि तो मला सर्वांत उद्बोधक वाटतो. १९८० च्या दशकात सनची यंत्रे संख्येचा मोठा बाइट आधी लिहीत, तर व्हॅक्स यंत्रे लहान बाइट आधी. २५८ ही संख्या एकाने १, २ अशी लिहिली आणि दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचली, तर ती ५१३ होते. म्हणून जोडणीच्या पहिल्याच बाइटमध्ये कार्यक्रम आपली पद्धत सांगतो आणि गरज पडल्यास सर्व्हर प्रत्येक विनंतीतील बाइट उलटवून घेतो. आज अशी भिन्न यंत्रांची जोडी विरळा, पण उलटवणारी संहिता प्रत्येक विनंतीसाठी आहे आणि ती क्वचितच तपासली जाते. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या एक्सवेलँडच्या २३.१ आवृत्तीने अशा जोडण्या मुळातच नाकारायला आरंभ केला. ज्याला हवे त्याने मुद्दाम परवानगी द्यावी. संहिता काढली नाही, वचन मोडले नाही, केवळ दार लावून घेतले.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडचा आरंभ २००८ साली क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी केला, तर एक्सवेलँड हा जुन्या कार्यक्रमांसाठी वेलँडवर चालणारा एक्स सर्व्हरच आहे. म्हणजे उबुंटूतून सत्र गेले तरी १९८७ चे वचन अजून पाळले जात आहे.

हे सारे भारतीय वाचकाने का वाचावे? २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशभर परम मालिकेचे महासंगणक उभे राहिले. यंत्रे नवी आहेत, पण त्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्यांत दशकांपूर्वीच्या सी आणि फोरट्रान संहितेचा वाटा मोठा आहे. यंत्र विकत घेण्यासाठी निधीचे शीर्षक असते, जुनी संहिता तपासण्यासाठी सहसा नसते. प्रबंधातही 'मी हजार ओळी काढल्या आणि उत्तर तेच राहिले' या वाक्याला मान मिळत नाही. वास्तविक तो एक प्रयोगच आहे : गृहीतक आहे, नियंत्रण आहे, मोजमाप आहे.

आपल्या प्रयोगशाळेत वारशाने आलेली एखादी आज्ञावली असेलच. तिच्यातील कोणती ओळ वचन आहे आणि कोणती निव्वळ अवशेष, हे आज सांगू शकणारी व्यक्ती तेथे आहे का? असल्यास तिच्याकडून ते लिहून घ्या. नसल्यास पहिली चाचणी आपणच लिहा.