तापीकाठची माकडे आणि कपाळामागचा मेंदू

तापी नदी खानदेशातल्या शिक्षकांना आम्ही काय सांगावी! बऱ्हाणपूरकडून ती जळगाव जिल्ह्यात शिरते आणि धुळे, नंदुरबार ओलांडून गुजरातेत जाते. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत मात्र ही नदी एक सीमारेषा म्हणून येते. तापीच्या उत्तरेला ऱ्हीसस, म्हणजे लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड. दक्षिणेला डोक्यावर केसांची टोपी असलेले, लांब शेपटीचे माकड. पूर्वेकडे हीच रेषा गोदावरीवरून पुढे जाते. (काळ्या तोंडाच्या वानराचा या वाटणीशी संबंध नाही.) माकडे अर्थातच पुस्तके वाचत नाहीत. ऱ्हीसस ही रेषा ओलांडून बराच दक्षिणेला सरकला आहे आणि टोपीवाला मागे हटतो आहे, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

आपल्या कपाळामागचा मेंदू काय काम करतो, याचे बरेचसे ज्ञान या उत्तरेकडच्या माकडामुळे मिळाले. तो इतिहास थोडा पाहू.

१९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन फुल्टन यांच्या प्रयोगशाळेत कार्लाइल जेकबसन माकडांवर एक साधा प्रयोग करीत होते. माकडाच्या देखत दोन पेल्यांपैकी एकाखाली खाऊ ठेवायचा, मध्ये पडदा सोडायचा, काही सेकंदांनी तो उचलायचा आणि माकडाला एक पेला निवडू द्यायचा. धडधाकट माकडाला हे सहज जमते. पण मेंदूचे दोन्ही ललाटखंड काढलेले माकड काही सेकंदांच्या विलंबानेही चुकू लागे. त्याची नजर शाबूत होती, हातपाय शाबूत होते. दोन वस्तूंतला फरकही त्याला शिकता येई. तेव्हा ताजी स्मृती ललाटखंडात असते, असा अर्थ जेकबसन यांनी लावला.

हा अर्थ अपुरा होता. रॉबर्ट माल्मो यांनी १९४२ साली हाच प्रयोग करताना विलंबाच्या काळात दिवे मालवले. अंधारात बसलेली तीच जखमी माकडे आता बरीच बरोबर उत्तरे देऊ लागली! स्मृतीच नसती, तर अंधाराने ती कुठून येणार? म्हणजे अडचण विसरण्यापेक्षा विचलित होण्याची होती. समोर जे दिसेल, हलेल, त्याकडे मन ओढले जाई आणि ती ओढ थोपवणारा भाग उरला नव्हता. वर्गात खिडकीकडे बसणाऱ्या मुलांचे शिक्षक या प्रयोगाचे मर्म आमच्याहून लवकर ओळखतील. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे. गाजला मात्र दुसराच.

जेकबसन यांच्याकडे बेकी आणि लुसी नावाच्या दोन चिंपांझी माद्या होत्या. उत्तर चुकले की बेकी आकांडतांडव करी. शस्त्रक्रियेनंतर ती शांत झाली. १९३५ साली लंडनच्या परिषदेत ही हकिगत सांगितली गेली. श्रोत्यांत पोर्तुगालचे एगास मोनिझ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिस्बनमध्ये त्यांच्या देखरेखीखाली मनोरुग्णांच्या ललाटखंडांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. (ही कल्पना त्यांच्या मनात आधीपासून होती, असे काही इतिहासकार मानतात.) १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, जगभर हजारो माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि अनेकांचे व्यक्तिमत्त्वच विझून गेले. लुसीचे काय झाले? आधी शांत असलेली लुसी शस्त्रक्रियेनंतर चिडू लागली. दोन प्राणी, दोन उलट निष्कर्ष. पण लक्षात राहिली ती बेकी.

पुढे १९७१ साली जपानमध्ये कुबोता आणि निकी यांनी, तर अमेरिकेत फुस्टर आणि अलेक्झांडर यांनी जागत्या माकडाच्या मेंदूत केसासारखे बारीक विद्युतअग्र ठेवून ललाटखंडातल्या एकेका चेतापेशीचे संदेश टिपले. पडदा पडलेला, खाऊ दिसेनासा झालेला, तरी काही पेशी चालूच! समोर नसलेल्या गोष्टीचा धागा त्या धरून ठेवीत होत्या. २००१ साली तर माकड सध्या कोणत्या नियमाने वागते आहे, त्यानुसार बदलणाऱ्या पेशीही सापडल्या.

तान्ह्या मुलांतही हे दिसते. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला एका फडक्याखालून खेळणे काढायची सवय झाली, की ते त्याच्या देखत दुसऱ्या फडक्याखाली लपवा. थोडे थांबवले तर बाळ पहिल्याच फडक्याकडे हात नेते. कधी कधी डोळे बरोबर जागी असतात आणि हात मात्र जुन्या जागी जातो. ॲडेल डायमंड आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८९ साली दाखवले, की ललाटखंडाला इजा झालेले प्रौढ ऱ्हीसस नेमकी हीच चूक करते.

ही माकडे परदेशात कुठून आली? बहुतांशी भारतातून. पोलिओ लशीच्या काळात, १९५० नंतरच्या दशकात, वर्षाला लाखाहून अधिक ऱ्हीसस निर्यात होत. केवळ वैद्यकीय कामासाठी ती वापरावीत अशी भारताची अट होती. पण किरणोत्सर्गाच्या लष्करी प्रयोगांत ती वापरली गेल्याचे उघड झाले आणि १ एप्रिल १९७८ पासून मोरारजी देसाई सरकारने निर्यात बंद केली. मग अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांनी हाताशी असलेल्या माकडांची पैदास वाढवली. आजही तिथल्या शोधनिबंधांत प्राण्यांचे वर्णन करताना ‘भारतीय वंशाचे ऱ्हीसस’ असे लिहिलेले आढळते.