शांती आणि स्तब्धता

संस्कृतातील ‘शम्’ या धातूचा वैदिक अर्थ श्रम करणे, श्रमून थकणे असा आहे. त्यातूनच विसावणे हा अर्थ आला व ‘शांती’ हा शब्द सिद्ध झाला. ‘स्तब्ध’ मात्र ‘स्तंभ्’पासून आला, खांबासारखे ताठणे हा त्याचा मूलार्थ होय. शांतीत श्रमाची सांगता आहे, स्तब्धतेत केवळ गती खुंटलेली असते.

हा भेद आम्हांस इंदूरच्या परदेशीपुऱ्यात विशेष जाणवतो. ही गिरणी कामगारांची वस्ती. येथील दिवस भोंग्यावर चाले. 1991–92 मध्ये हुकुमचंद गिरणी बंद पडली. भोंगा थांबला, कामगारांची देणी मात्र थकलेलीच राहिली.

त्या नीरवतेस शांती म्हणावे काय? हिब्रू ‘शालोम’ ज्या धातूपासून आला, त्याचेच ‘शिल्लेम’ हे रूप निर्गमाच्या 22 व्या अध्यायात भरपाई करून देणे या अर्थी येते. देणे फिटल्यावाचून शालोम पुरा होत नाही. याकोबाच्या पत्रानुसार तर अडवून ठेवलेली मजुरी ओरडत असते. ती ओरडत असेतो बाहेरची नीरवता ही स्तब्धताच होय.

25 डिसेंबर 2023 रोजी, नाताळच्याच दिवशी, सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. तोवर अनेक कामगार दिवंगत झाले होते. म्हणून उपासनेत शांती मागताना, कोणाची मजुरी आपल्याकडे राहिली आहे काय, हे आम्ही प्रथम पाहिले पाहिजे.