पोथी कोणाची, डाव कोणाचा?

आमच्या फणसवाडीपासून खाडिलकर रोड अगदी जवळ. 'नवाकाळ'च्या खाडिलकरांच्या तिघी मुली बुद्धिबळ खेळायच्या, हे गिरगावातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पहिलं दशकभर ते विजेतेपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींच्या बाहेर गेलंच नाही. एका घरात तीन खेळाडू म्हटल्यावर एकीने हरलेल्या डावाचा धडा तिघींना मिळत असणार, हा माझा आपला प्रोग्रॅमरी अंदाज. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅम्सना मात्र ही साधी गोष्ट शिकायला बराच वेळ लागला.

प्रोग्रॅमचं 'ओपनिंग बुक' म्हणजे सरळ सरळ पोथी. पटावर ही स्थिती आली की ही खेळी कर, विचार नंतर. सुरुवातीला या पोथ्या माणसांनी हाताने भरल्या. आयबीएमच्या 'डीप ब्लू'ची मुख्य पोथी जेमतेम ४,००० स्थितींची होती, ग्रँडमास्टरांनी निवडून भरलेली. तिच्या जोडीला ७,००,००० डावांमधून काढलेली दुय्यम पोथी. कुठली खेळी किती वेळा झाली, कोण खेळलं, निकाल काय, यावरून प्रत्येक खेळीला थोडं झुकतं माप.

११ मे १९९७, न्यूयॉर्क, सहावा डाव. कास्पारोव्ह 'कारो-कान' खेळला आणि आठव्या खेळीला डीप ब्लूने घोडा देऊन ई६वरचं प्यादं मारलं. १९ खेळ्यांत डाव खलास! जगभर बोंब, यंत्राला बलिदान समजलं. अहो, कसलं समजलं? ती खेळी पोथीतली होती. आयबीएमच्या चमूतल्या इयेस्कास यांनी पुढे २००९ साली सांगितलं की ती त्याच दिवशी सकाळी पोथीत घातली होती. पुढचा हल्ला यंत्राने स्वतः चालवला, हे कबूल. पण घोडा माणसांनी दिला, असंच मी म्हणेन.

असो. नंतर पोथ्या यंत्रंच बनवू लागली. 'पॉलिग्लॉट'मध्ये जिंकलेल्या डावाचे २ गुण, बरोबरीचा १, झालं खेळीचं वजन. इथेच गोची आहे. तीस वर्षं जिंकत आलेली खेळी गेल्या आठवड्यात कुणी मोडून काढली, तरी बेरजेत तीच वर! यावर 'क्राफ्टी'ने छान तोड काढली. पोथी संपली की पुढच्या दहा खेळ्यांत आपली स्थिती सुधारतेय की बिघडतेय हे तो पाहायचा आणि त्यानुसार पोथीत खूण करून ठेवायचा. मार खाल्लेली वाट पुढच्या वेळी टाळायची. ही झाली खाडिलकरांच्या घरातली गोष्ट.

२०१७ साली 'अल्फाझीरो' पोथीशिवाय, स्वतःशीच खेळून शिकला, आणि माणसांच्या बऱ्याच जुन्या ओपनिंग्ज त्याला आपोआप सापडल्या. हल्लीच्या 'स्टॉकफिश'बरोबरही पोथी येत नाही. इंजिनांच्या मोठ्या स्पर्धांत तर आता आयोजकच मुद्दाम तिरक्या सुरुवाती ठरवून देतात आणि तोच डाव रंग बदलून पुन्हा खेळवतात, कारण मोकळं सोडलं तर नुसत्या बरोबऱ्या होतात.