स्पुटनिक : वाटेतला सोबती

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वस्तुमानाचा धातूचा गोल अवकाशात सोडला. सुमारे ९६ मिनिटांत तो पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करी. जग त्याला 'स्पुटनिक' या नावाने ओळखते. पण रशियन भाषेत हे विशेषनाम नव्हतेच. सोव्हिएत निवेदनात 'पृथ्वीचा कृत्रिम स्पुत्निक' असे शब्द होते. आपला 'ट' इंग्रजीच्या वाटेने आला.

या शब्दाची फोड पाहण्यासारखी आहे. 'स' म्हणजे सह, 'पुत्' म्हणजे वाट आणि 'निक' हा कर्तादर्शक प्रत्यय. अर्थात, वाटेतला सोबती. हा 'पुत्' आपल्या 'पंथ' आणि 'पथिक' या शब्दांचा दूरचा भाऊबंद आहे. आगगाडीतल्या सहप्रवाशालाही रशियन माणूस स्पुत्निकच म्हणतो, आणि चंद्र हा पृथ्वीचा स्पुत्निक १९५७ च्या आधीपासूनच होता.

शीतयुद्धाच्या वातावरणात मात्र हा सोबती अमेरिकेला धास्तीचा वाटला. तिथे विज्ञानशिक्षणाला मोठे अर्थसाहाय्य देणारा कायदा १९५८ मध्ये झाला, त्यामागे हीच धास्ती होती. डिसेंबर १९५७ मध्ये अमेरिकेचा व्हॅनगार्ड अग्निबाण उड्डाणतळावरच कोसळला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला 'फ्लॉपनिक' म्हटले. १९५८ मध्ये बंडखोर तरुणांसाठी 'बीटनिक' हा शब्द निघाला. प्रत्यय रुजला, सोबतीचा अर्थ मात्र वाटेतच गळाला.

इतर भाषांनी हेच नाते वेगळ्या नजरेने पाहिले. केप्लरने गुरूच्या चंद्रांसाठी लॅटिन 'सॅटेलेस' हा शब्द वापरला; त्याचा अर्थ राजाचा अंगरक्षक किंवा सेवक. आपला 'उपग्रह' म्हणजे दुय्यम ग्रह. एका शब्दात चाकरी आहे, दुसऱ्यात कमी दर्जा आणि तिसऱ्यात सोबत.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी कोणता शब्द अधिक नेमका? पृथ्वी स्थिर राहते आणि चंद्र तिच्याभोवती फिरतो, असे आपण शिकवतो. वास्तविक दोघेही एका सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. हे केंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. अशी जोडीने ही दोघे सूर्याची प्रदक्षिणा करतात. सहप्रवासीच ते!

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने 'आर्यभट' हा पहिला भारतीय उपग्रह कक्षेत नेला. रशियन भाषेत तोही स्पुत्निकच. वर्गात 'उपग्रह' शिकवताना ही तीन नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि चंद्राला कोणते शोभते, हे मुलांनाच विचारावे.